शरणपूरचे आफ्रिकी व त्यांचे कागद

(१)

महाराष्ट्राच्या इतिहासांत हबशी हा शब्द आला कीं वाचकांपुढें बहुधा दोनच चित्रें उभीं राहतात. एक मलिक अंबराचें व दुसरें जंजिऱ्याच्या सिद्दीचें. पहिल्यानें इ. स. १६२६ मध्यें मरेपर्यंत निजामशाहीचा मोडता डोलारा सावरून धरिला. दुसऱ्यांनीं तीन शतकांहून अधिक काळ समुद्रांतला किल्ला राखिला. तरवारीच्या बळावर नांवारूपास आलेल्या या पुरुषांविषयीं बखरी, पत्रें व फारशी तवारिखा यांची साधनें विपुल आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आफ्रिकी लोकांची आणखी एक वसाहत महाराष्ट्रांत, खुद्द नाशकाच्या वेशीबाहेर, नांदत होती, याचें स्मरण फार थोड्यांस असेल. ती तरवारीची वसाहत नव्हती. पाटी, पुस्तक व सुताराचीं हत्यारें यांची होती. तिचें आयुष्यही अल्प ठरलें. पण तिच्यांतून निघालेल्या माणसांनीं पूर्व आफ्रिकेच्या इतिहासांत जी कामगिरी केली, ती अनेक मोठ्या सरदारांच्या कामगिरीहून कमी टिकाऊ नाहीं.

इंग्रजी ग्रंथांत या लोकांस ‘नासिक बॉईज’ असें म्हटलेलें आढळतें, व डॉ. लिव्हिंग्स्टन याचें प्रेत समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणारे एकनिष्ठ नोकर म्हणून त्यांचा गौरव होतो. गौरव खोटा नाहीं. तो अपुरा आहे. हे लोक नुसते ओझीं वाहणारे नव्हते, लिहिणारे होते. त्यांच्या हातचे कागद आज उपलब्ध आहेत, आणि ऐतिहासिक साधन म्हणून ते तपासल्यास या प्रकरणाचें रूप पुष्कळ बदलतें, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२)

प्रथम हे लोक नाशकास कसे आले तें पाहूं. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागांतून, विशेषतः न्यासा सरोवराच्या आसपासच्या मुलखांतून, माणसें पकडून किनाऱ्यावर आणावयाचीं व तेथून झांजीबार, अरबस्थान, इराणचें आखात व क्वचित् कच्छ-काठेवाड येथपर्यंत विकावयाचीं, हा व्यापार जुना होता. हिंदुस्थानांत गुलामगिरीस कायद्याचा आधार इ. स. १८४३ च्या पांचव्या आक्टानें नाहींसा झाला. समुद्रावर मात्र व्यापार चालूच होता. इंग्रजी आरमाराच्या नौका अरबी गलबतें अडवीत व त्यांतील माणसें सोडवीत. परंतु सोडविलेल्या माणसांस नेऊन ठेवावयाचें कोठें? त्यांचा देश किनाऱ्यापासून शेंकडों कोस आंत. किनाऱ्यावर उतरविलें तर पुन्हा विकले जाण्याची धास्ती. म्हणून कांहींस एडन, सेशेल्स, मॉरिशस येथें, व पुष्कळांस मुंबई बंदरांत उतरवीत. मुंबईस पोलीस कमिशनराच्या ताब्यांतून वयांत आलेलीं माणसें नोकरीस लागत. मुलें कांहीं गृहस्थांकडे व कांहीं मिशनऱ्यांकडे सोंपविलीं जात.

चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीनें मुंबईस या मुलांचा सांभाळ करणाऱ्यांत कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग हा जर्मन पाद्री प्रमुख होता. तो मुंबईस येण्यापूर्वीं अबिसीनियांत होता, व अम्हारी भाषेचा कोश व व्याकरण हीं त्याचीं कामें विद्वानांस परिचित आहेत. आफ्रिकेविषयींची त्याची आस्था अशी पूर्वींची होती. नाशकास याच सोसायटीचें ठाणें इ. स. १८३२ पासून होतें. रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यानें इ. स. १८५४-५५ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेस शरणपूर नांवाची ख्रिस्ती वाडी वसविली. गांवांत व नातलगांत थारा न राहिलेल्या नवख्रिस्त्यांस आश्रय, हा त्या नांवाचा अर्थ उघड आहे. इ. स. १८६० च्या सुमारास मुंबईचें आफ्रिकी अनाथगृह येथें हलविलें गेलें; आणि स्वदेशांत परके झालेले मराठी ख्रिस्ती व परदेशांत येऊन पडलेलीं आफ्रिकी मुलें एकाच वाडींत राहूं लागलीं. मुलांस वाचन, लेखन, धर्मशिक्षण व त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदे शिकवीत. आज शरणपूर नाशिक शहरांतच मिळून गेलें आहे. रस्त्याच्या नांवांत तें रोज उच्चारिलें जातें.

(३)

या मुलांचीं नांवें हेंच त्यांच्या इतिहासाचें पहिलें साधन होय. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, कॅरस फॅरर, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. यांतील प्राइस व आयझेनबर्ग वर येऊन गेलेच. फॅरर हेंही नाशिक मिशनच्या आरंभींच्या पाद्र्याचें आडनांव होय. म्हणजे ही नामावळी त्या मुलांच्या कुळाची नसून त्यांस वाढविणाऱ्या मंडळाची आहे. अनाथ मुलास आश्रयदात्याचें किंवा पाद्र्याचें नांव द्यावयाचें, ही त्या काळच्या मिशनांतील रूढ चाल होती. मॅथ्यू वेलिंग्टनचें मूळ नांव चेंग्विंबे, हें त्याच्या वृद्धपणीं लिहून घेतलेल्या चरित्रामुळें कळतें. तो जातीनें याओ. जेकबही याओच.

यावरून मिशनच्या कामाचा न्याय एका शब्दांत करणें बरोबर होणार नाहीं. गुलामांच्या गलबतांतून निघालेल्या मुलास अन्न, आसरा व अक्षर मिळालें, हा उपकार लहान नव्हे. परंतु त्याचा धर्म, त्याचें नांव, त्याचा धंदा व पुढें त्याचा देशही दुसऱ्यांनींच ठरविला, हेंही तितकेंच खरें. या सर्वांत एक गोष्ट मात्र देणाऱ्यांच्या हातीं राहिली नाहीं, ती म्हणजे लिहिण्याची कला. ती एकदां दिल्यावर तिचा उपयोग घेणाराच ठरवितो.

(४)

इ. स. १८६४ च्या जून महिन्यांत डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ ही आपली लहान आगबोट झांजीबाराहून स्वतः हांकारीत मुंबईस आला. बरोबर चुमा व विकातानी हीं दोन याओ मुलें होतीं. इ. स. १८६१ मध्यें शिरे नदीच्या वरच्या मुलखांत गुलामांच्या तांड्यांतून तीं सुटलीं होतीं. त्यांस त्यानें डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंत ठेविलें. पुढील वर्षाच्या सप्टेंबरांत तो पुन्हा मुंबईस आला व नव्या सफरीची सिद्धता करूं लागला. त्या वेळीं मुंबईचा गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर होता. शरणपूरच्या तरुणांपैकीं नऊ जण या सफरीसाठीं निवडले गेले. चुमा व विकातानी यांसही घेतलें. चुमाचा बाप्तिस्मा विल्सन यांच्या हातून डिसेंबर १८६५ मध्यें झाला, व जानेवारी १८६६ मध्यें मंडळी निघाली.

या नऊ जणांविषयीं लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशींत उणे उद्गार पुष्कळ आहेत. ते आळशी आहेत, चालण्यास कुचराई करतात, असा त्याचा वारंवार तक्रारीचा सूर आहे. पुढच्या ग्रंथकारांनीं तो जसाच्या तसा उचलिला. परंतु साधनाचा विचार करतां, ही एका थकलेल्या, आजारी व घाईंतल्या धन्याची टिपणें आहेत, हें विसरतां येत नाहीं. सुतारकाम व लेखन शिकलेल्या मुलांस ओझीं उचलून रोज कित्येक कोस चालावयास लाविलें होतें. शिवाय आपण ज्या मुलखांतून धरून नेले गेलों त्याच मुलखांतून ते जात होते. विकातानीस तर न्यासा सरोवराजवळ आपले नातलग आढळले, व इ. स. १८६६ मध्यें तो तेथेंच राहिला. त्याच्या या करण्यास फितुरी म्हणावें कीं घरीं परतणें म्हणावें, हें लिहिणाराच्या बाजूवर अवलंबून आहे. इ. स. १८७१ मध्यें स्टॅन्लेची व लिव्हिंग्स्टनची गांठ पडली तेव्हां नऊ नासिककरांपैकीं फारच थोडे उरले होते; त्यांत एडवर्ड गार्डनर हा एक.

(५)

दुसरी तुकडी इ. स. १८७२ मध्यें गेली. लिव्हिंग्स्टनच्या शोधासाठीं निघालेल्या एका मंडळीकरितां हे तरुण हिंदुस्थानांतून झांजीबारास आणिले होते. ती मंडळी मोडल्यावर स्टॅन्लेनें त्यांस हमालांच्या तांड्याबरोबर आंत धाडिलें. हे सहा जण होते : जेकब वेनराइट व त्याचा भाऊ जॉन, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर, रिचर्ड रटन व बेंजामिन रटन. त्या वर्षाच्या ऑगस्टांत ते उन्यान्येंबे येथें लिव्हिंग्स्टनास मिळाले. पुढें नऊ महिन्यांच्या आंतच, बांग्वेउलू सरोवराच्या दक्षिणेस, चितांबो नांवाच्या नायकाच्या गांवीं लिव्हिंग्स्टन मरण पावला. हा प्रदेश आजच्या झांबियांत मोडतो.

येथून पुढचा वृत्तांत प्रसिद्ध आहे. म्हणून केवळ कागदांपुरताच त्याचा विचार करूं. मंडळींनीं प्रेत किनाऱ्यावर न्यावयाचें ठरविलें. काळीज व आंतडीं एका पत्र्याच्या डब्यांत घालून झाडाखालीं पुरलीं. हें शस्त्रकर्म फर्जल्ला यानें केलें, त्यास कॅरस फॅररनें हात दिला. पुरतांना प्रार्थना जेकबनें वाचिली. धन्याच्या पेट्या सर्वांसमक्ष उघडून आंतील वस्तूंची यादी करण्याचें काम जेकबाकडे आलें, व ती त्यानें धन्याच्याच टिपणवहींत लिहिली. पुरल्या जागेच्या झाडावर अक्षरें कोरणाराही तोच.

आतां मृत्यूच्या तिथीचा प्रश्न पाहा. लिव्हिंग्स्टनच्या हातची शेवटची नोंद ता. २७ एप्रिल १८७३ ची आहे. त्यापुढें तीन तिथी आढळतात. जेकबच्या यादीवर ता. २८ एप्रिल, रात्रीं अकरा, असें लिहिलें आहे. झाडावर त्यानेंच ता. ४ मे १८७३ अशी तिथी कोरिली. आणि रेव्हरंड होरेस वॉलर यानें इ. स. १८७४ मध्यें रोजनिशी छापली तेव्हां सुसी व चुमा यांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतीवरून दिवस मोजून ता. १ मे ही तिथी ठरविली. वेस्टमिन्स्टर ॲबेमधील थडग्यावर हीच तिथी कोरलेली आहे, व सर्वत्र हीच रूढ झाली.

तिहींचें बळाबळ पाहतां, २८ एप्रिल ही टिकत नाहीं. त्या दिवसानंतरही डोलींतून प्रवास झाल्याची हकीकत आहे, आणि शेवटच्या नोंदीच्या लगतचा आंकडा यादी लिहितांना सहज पडला असावा असें दिसतें. १ मे या तिथीस दिवसवारीच्या मोजणीचा आधार आहे. पण ती मोजणी वर्षभरानंतर, स्मरणावरून, दुसऱ्या देशांत, संपादकाच्या विचारण्यावरून झालेली आहे. ४ मे ही तिथी स्थळावर व जवळ जवळ तत्काळीं कोरलेली. मात्र कोरणारानें पूर्वीं एक तिथी वेगळी लिहिलेली असल्यामुळें तीही निर्विवाद मानतां येत नाहीं. तात्पर्य, मे महिन्याचे पहिले चार दिवस एवढेंच खात्रीनें म्हणतां येतें. शिलालेखास समकालीन कागदाहून अधिक मान देण्याची जी चूक आपण देवळांच्या जीर्णोद्धारलेखांच्या बाबतींत टाळतों, ती येथेंही टाळावयास हवी.

जेकबचा दुसरा कागद याहूनही महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर १८७३ मध्यें तांडा उन्यान्येंबेच्या वाटेवर असतां, लिव्हिंग्स्टनचा मुलगा ऑस्वेल हा मदतीस येत आहे अशी वार्ता मंडळींस लागली. तेव्हां जेकबनें त्याच्या नांवें इंग्रजींत पत्र लिहिलें, व तें घेऊन चुमा पुढें गेला. ऑस्वेल तेथें नव्हता. लेफ्टनंट कॅमेरॉन होता. तें पत्र त्याच्या हातीं पडलें व पुढें त्यानें आपल्या प्रवासग्रंथांत छापिलें. लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूची बाहेरच्या जगास कळलेली पहिली लेखी बातमी ती हीच. पत्राचा आशय साधा आहे : तुमचे वडील वारले, प्रेत आम्हांबरोबर आहे, आमचीं कांहीं माणसें दगावलीं, उपासमार होत आहे तरी धान्य घेण्यास कापड पाठवावें, आणि गांवांत शिरतांना बंदुका झाडाव्या किंवा न झाडाव्या तें कळवावें, झाडावयाच्या असल्यास दारू पाठवावी. शेवटीं सहीच्या जागीं जेकबनें आपणास ‘लिहिणार’ असें म्हटलें आहे. आपल्याकडील पत्रव्यवहार चाळणारांस या कागदाची ओळख पटावयास वेळ लागणार नाहीं. हें नोकराचें आर्जव नव्हे. फौजेबरोबरच्या चिटणिसाचें विनंतिपत्र आहे. मृत्यूची वार्ता, नुकसानीचा झाडा, रसदेची मागणी व प्रवेशाच्या मानमरातबाची विचारणा, हीं चारही कलमें त्यांत यथाक्रम आलीं आहेत. प्रेत येथेंच पुरावें, ही कॅमेरॉनची सूचना या मंडळींनीं मानली नाहीं, हें त्या पत्राच्या सुराशीं जुळतेंच आहे.

याखेरीज जेकबची डायरी आहे. तिचें जर्मन भाषांतर इ. स. १८७४ मध्यें पेटरमानच्या भूगोलविषयक नियतकालिकांत आलें. मूळ हस्तलिखित स्कॉटलंडांतील ब्लँटायर येथील लिव्हिंग्स्टन-जन्मस्थान-संग्रहालयांत आहे, व इ. स. २०१९ मध्यें त्याच्या पानांचीं प्रतिचित्रें आंतरजालावर प्रसिद्ध झालीं. कॅरस फॅररचें निवेदनही इ. स. १९५० मध्यें युगांडाच्या एका इतिहासविषयक नियतकालिकांत छापलें गेलें. म्हणजे एकाच प्रसंगाचे नाशकास शिकलेल्या दोन माणसांनीं लिहिलेले दोन स्वतंत्र लेख आज अभ्यासकांस पाहतां येतात.

(६)

फेब्रुवारी १८७४ मध्यें प्रेत बागामोयो येथें किनाऱ्यास पोहोंचलें. तेथून इंग्लंडास त्याबरोबर मंडळींपैकीं एकटा जेकब गेला. ता. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबेंत दफन झालें, तेव्हां पेटीचे मानकरी जे आठ होते त्यांत स्टॅन्ले, कर्क व वॉलर यांच्या बरोबरीनें शरणपूरचा हा विद्यार्थी होता. सुसी व चुमा हे मागाहून, एका स्नेह्याच्या खर्चानें, पोहोंचले व वॉलरास रोजनिशीच्या संपादनांत साह्य करते झाले.

दोन लेख आतां शेजारीं ठेवून वाचावे. ॲबेमधील शिळेवर, विश्वासू हातांनीं भूमि व समुद्र ओलांडून येथें आणिलें, अशा अर्थाचे शब्द आहेत. त्या हातांचें नांव एकही नाहीं. चितांबोच्या गांवच्या झाडावर लिव्हिंग्स्टनच्या नांवाखालीं तीन नांवें होतीं. तीं सुसी, मन्वा सेरा व उचोपेरे या तांड्याच्या प्रमुखांचीं, असें समजतात. तें झाड इ. स. १८९९ मध्यें कॉड्रिंग्टन यानें तोडविलें, व कोरलेला भाग लंडनच्या राजकीय भूगोलसंस्थेकडे गेला. वाचलेल्या अक्षरांत कोरणारानें स्वतःचें नांव घातलेलें नाहीं. प्रमुखांचीं घातलीं आहेत. चिटणिसाची रीत ती हीच. विश्वासू हातांस नांवें होतीं, व तीं नोंदविणाराही त्यांच्यांतलाच होता, याचा पुरावा दगडांत नसून लांकडांत आहे.

(७)

लिव्हिंग्स्टनच्या मरणानें शरणपूरच्या वसाहतीचेंही भवितव्य ठरलें. सर बार्टल फ्रीअर यास इ. स. १८७३ च्या आरंभीं झांजीबारास वकिलातीवर पाठविलें होतें; त्याच वर्षीं ता. ५ जून रोजीं सुलतान बर्घशानें गुलामांचा समुद्रमार्गीं व्यापार बंद करण्याचा तह केला. सुटलेल्या माणसांसाठीं आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर वसाहत हवी, या फ्रीअरच्या मतास अनुसरून शरणपूर वसविणाऱ्या प्राइसासच तिकडे धाडण्यांत आलें. इ. स. १८७५ मध्यें मोंबासासमोर जी वसाहत झाली तिला फ्रीअर टाउन असें नांव पडलें. मुंबईच्या माजी गव्हर्नराचें नांव, नाशिकचा पाद्री व नाशिकचेच सुतार, लोहार, शिक्षक. अशी ती शरणपुराची दुसरी आवृत्तिच होती. शंभरावर आफ्रिकी ख्रिस्ती इकडून तिकडे गेले. त्यांच्या आधीं, इ. स. १८६४ मध्यें, विल्यम जोन्स व जॉर्ज डेव्हिड हे राबाई येथें रेबमान या वृद्ध मिशनऱ्याच्या मदतीस गेले होते.

मिशनच्या अहवालांची भाषा पाहिली तर हें स्वदेशीं परतणें होतें. वस्तुतः तसें नव्हतें. याओ मुलूख मोंबासापासून फार दूर. भाषा वेगळी, लोक वेगळे. ज्या किनाऱ्यास त्यांस नेलें तेथील लोकांनीं त्यांस ‘बाँबे आफ्रिकन’ हें नांव दिलें. नाशकास जे आफ्रिकी होते ते आफ्रिकेंत मुंबईकर ठरले. अनेक जण गोऱ्या पाद्र्यांहून किनाऱ्यावरील कामास अधिक लायक होते, तथापि वेतन व अधिकार यांत ते खालींच ठेवले गेले. यावरून पुढें वारंवार वाद झाले, त्यांत नवल नाहीं. तरी इ. स. १८८५ मध्यें बिशप हॅनिंग्टन यानें विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर यांस दीक्षा दिली. त्याच वर्षीं ता. २९ ऑक्टोबर रोजीं बुसोगांत हॅनिंग्टन मारला गेला, तेव्हां उरलेला तांडा परत किनाऱ्यास सुखरूप आणणारा जोन्सच. धन्याच्या मरणानंतर तांडा सांभाळून आणण्याची शरणपूरच्या माणसांची ही दुसरी खेप होय. जेकब वेनराइट इ. स. १८९२ मध्यें अंतर्भागांतील उरांबो येथें वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासास इ. स. १९३५ पर्यंत हयात होता.

(८)

येणेंप्रमाणें शरणपूरच्या या प्रकरणावरून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली, महाराष्ट्राचा आफ्रिकेशीं संबंध जंजिऱ्यापाशीं संपत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत तो नाशकावरून मोंबासापर्यंत उलट दिशेनेंही वाहिला. दुसरी, परदेशीं येऊन पडलेल्या लोकांत मिशननें केलेलें काम आश्रयाचें तसेंच नेमणुकीचेंही होतें; या दोहोंपैकीं एकच सांगणारा वृत्तांत अपुरा समजावा. तिसरी व आपणांस विशेष जवळची अशी, कीं या लोकांचा इतिहास धन्यांच्या रोजनिशांवरून लिहिला गेला असला तरी त्यांच्या स्वतःच्या लेखणीचे कागद उपलब्ध आहेत, व तिथीसारख्या मूलभूत प्रश्नांत त्यांची साक्ष काढिल्यावांचून निर्णय करणें योग्य नव्हे.

आजवर जे कागद उजेडांत आले ते लंडन, ब्लँटायर व युगांडा या मार्गानें आले. ज्या गांवीं या लिहिणारांनीं अक्षर गिरविलें त्या गांवची बाजू मात्र रिकामी आहे. नाशिक व शरणपूर येथील जुन्या कुटुंबांच्या दप्तरांत बाप्तिस्म्याच्या नोंदी, शाळेच्या हजेऱ्या, सुतारशाळेचे हिशेब, अथवा मोंबासाहून आलेलीं पत्रें असतील तर संग्राहकांनीं तीं रद्दीच्या वाटेस जाऊं देऊं नयेत. एखाद्या फाटक्या हजेरीपटावर मिशनच्या नांवाशेजारीं मुलाचें मूळ नांव लिहिलेलें मिळालें, तर चेंग्विंबेप्रमाणें आणखी एका माणसास त्याचें नांव परत मिळेल. आणि जो दुसऱ्यांचीं नांवें झाडावर कोरून स्वतःचें गाळून गेला, त्याचें ऋण थोडें तरी फिटेल.